राखलेला उजेड

आवडत्या चित्राबद्दल बोलायची वेळ आली की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘चित्रातलं मला काही कळत नाही, पण हे आवडतं बुवा.’ दुसरं, ‘या चित्राशी माझ्या आठवणी जोडलेल्या आहेत.’ पहिल्यात विनय आहे, दुसऱ्यात मालकी. दोन्ही प्रामाणिक आहेत, पण दोन्हींनी बोलणं खुंटतं. कळत नाही म्हणणाऱ्याला कोणी समजावायला जात नाही आणि आठवणी सांगणाऱ्याशी कोणी वाद घालत नाही. चित्र मात्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं, ‘आवडतं’ म्हणून मिरवतं आणि त्याच्याकडे धड कोणी पाहत नाही.

यामागे एक समजूत आहे. माहिती आली की भावना कोमेजते, असं आपण धरून चालतो. चित्रकार कोण, साल कोणतं, रंग कुठले, असल्या चौकशा परीक्षकांनी आणि प्राध्यापकांनी कराव्यात. रसिकाने नुसतं भारावून जावं. ही समजूत मला साफ चुकीची वाटते. आवडत्या कलाकृतीचा आपल्यापुरता जो भावार्थ असतो, तो माहितीने मरत नाही. माहितीवाचून मात्र तो इतका ढोबळ राहतो की त्या चित्राच्या जागी दुसरं कुठलंही चित्र असतं तरी चाललं असतं. हे हवेत बोलण्यापेक्षा एक चित्रच समोर घेऊ. ते माझं आवडतं आहे आणि बहुतेक वाचकांनी ते कुठे ना कुठे पाहिलेलं आहे.

साडी नेसलेली एक स्त्री उभी आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीपुढे आडवा धरलेला. चेहऱ्यावर उजेड, बोटं लालसर उजळलेली, मागे भिंतीवर तिची सावली. कॅलेंडरांवर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर आणि आता मोबाइलवरच्या संदेशांतून हे चित्र फिरत असतं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलासंग्रहालयात आहे. दालनात अंधार करून ते दाखवण्याची तिथली रीत पर्यटकांमध्ये प्रसिद्ध आहे. ते बघून बाहेर पडलेल्या मंडळींना चित्रकाराचं नाव विचारा. निम्म्याहून अधिक जण छातीठोकपणे सांगतील, ‘राजा रविवर्मा.’

चित्र रविवर्म्यांचं नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जन्म 1882 चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, 1908 मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली, 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. 1968 मध्ये ते गेले. हे चित्र, ‘ग्लो ऑफ होप’, 1945-46 च्या सुमाराचं. रविवर्मा 1906 सालीच निवर्तले होते. म्हणजे आपण हे चित्र ज्यांच्या नावावर टाकतो, ते चित्र काढलं गेलं तेव्हा त्यांना जाऊन चाळीसएक वर्षं झाली होती.

हा घोटाळा का झाला असावा, याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवल्या. तेव्हापासून ‘साडीतली देखणी, शालीन बाई’ दिसली की तिच्याखाली रविवर्म्यांचं नाव आपल्या मनात आपोआप छापलं जातं. जगनमोहनच्या संग्रहात त्यांचीही चित्रं आहेत, त्यामुळे गोंधळाला घरचंच निमित्त मिळालं. दुसरं कारण अधिक बोचरं आहे. हळदणकरांचं हे चित्र झालं त्याच सुमाराला मुंबईची हवा पालटत होती. 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप उभा राहिला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या मंडळींना जे. जे.च्या तालमीतलं हुबेहूब चित्रण म्हणजे जुनाट मामला वाटत होता. पुढे कलेचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः या बंडाच्या बाजूने. हळदणकर रविवर्म्यांच्या मानाने उशिरा आले आणि नव्यांच्या मानाने जुने ठरले. इतिहासाने ज्याला जागा दिली नाही, त्याचं चित्र लोकांनी ओळखीच्या नावाखाली नेऊन ठेवलं.

इथे कोणी म्हणेल, ‘नाव कोणाचंही असो, चित्र तेच राहतं ना? मला जे वाटायचं ते वाटतंच.’ आक्षेप रास्त आहे आणि त्याला ‘श्रेय ज्याचं त्याला मिळायला हवं’ एवढं नैतिक उत्तर पुरणार नाही. श्रेयाचा मुद्दा खरा, पण तो हळदणकरांच्या बाजूचा झाला. माझा मुद्दा बघणाऱ्याच्या बाजूचा आहे. चुकीच्या नावापायी नुकसान बघणाऱ्याचं होतं, कारण नावाबरोबर माध्यमही बदलतं. रविवर्मा म्हटलं की आपण तैलरंग गृहीत धरतो. हळदणकरांचं हे चित्र जलरंगातलं आहे. आणि या चित्राचा सगळा जीव त्या एका गोष्टीत आहे.

तैलरंगात उजेड रंगवता येतो. अंधार आधी भरून घ्यावा आणि शेवटी पांढऱ्यात पिवळा मिसळून त्यावर ज्योत ठेवावी. चुकलं तर खरवडून काढावं, वाळल्यावर पुन्हा रंगवावं. पारदर्शक जलरंगाचा कारभार याच्या उलट आहे. तिथे पांढरा म्हणजे कागद. जिथे लख्ख उजेड हवा तिथला कागद पहिल्या घटकेपासून शेवटपर्यंत कोरा किंवा जवळजवळ कोरा ठेवावा लागतो आणि त्याच्याभोवती पाण्याने पातळ केलेल्या रंगाचे थर चढवत अंधार आणावा लागतो. एकदा रंग उतरला की कागदाचा मूळचा लख्खपणा परत मिळत नाही. चुकून कुंचला त्या जागेवरून गेला, ओला रंग ओघळून आत शिरला, तर खेळ खलास. जलरंगाचा चित्रकार उजेड काढत नाही. तो उजेड राखतो आणि अंधार काढतो.

आता चित्रातल्या बाईकडे पुन्हा पाहा. ती काय करते आहे? तीही उजेड राखतेच आहे. वाऱ्याची झुळूक यावी आणि ज्योत विझावी एवढा वेळही ती हात खाली घेणार नाही. चित्रकाराने कागदाशी जे केलं, तेच बाई ज्योतीशी करते आहे. विषय आणि माध्यम असं एकाच कृतीवर येऊन मिळणं फार क्वचित घडतं. हे चित्र तैलरंगात असतं तर ते सुंदर दिसलं असतं, पण दिवा राखण्याचं चित्र आणि उजेड राखून काढलेलं चित्र हा मेळ त्यात नसता. ‘रविवर्म्याचं चित्र आहे’ म्हणून जो पुढे जातो, त्याच्या हातून नेमकं हेच निसटतं. त्याची भावना खोटी ठरत नाही, पण अर्ध्यावर राहते.

तो हातही जवळून पाहावा. बोटांच्या कडा आणि बोटांमधल्या फटी तांबूस-नारिंगी आहेत. लहानपणी मुठीत टॉर्च धरून आपण सगळ्यांनी हा लाल रंग पाहिलेला आहे. उजेड मांसातून आरपार येताना रक्त त्यातला निळा-हिरवा भाग शोषून घेतं आणि लाल तेवढा बाहेर पडतो. म्हणजे चित्रातला तो लाल दिव्याचा रंग नव्हेच, तो त्या स्त्रीच्या रक्ताचा रंग आहे. संगमरवरी पुतळ्याच्या हातामागे दिवा ठेवला तर हा लाल दिसणार नाही. आपण या चित्राला ‘मंगल’, ‘सात्त्विक’, ‘सोज्वळ’ अशी विशेषणं लावतो आणि त्या विशेषणांत बाईची हळूहळू देवी होते. पण हळदणकरांची बोटं सांगतात की ही देवी नाही. ज्योत हाताच्या इतकी जवळ आहे की हाताला चटका बसत असणार. उजेड राखायचा तर हात भाजून घ्यावा लागतो, हे चित्रात लिहिलेलं नाही, पण दिसतं आहे.

आणखी एक. तो आडवा हात उजेडाचा उगम आपल्यापासून लपवतो. चित्राच्या केंद्रात दिवा आहे, पण त्याचा उजेड आपल्याकडे येत नाही. तो तिच्या चेहऱ्यावर पडतो. आपल्याला दिसतात ते उजेडाचे परिणाम: चेहरा, पदर, बोटं, भिंतीवरची सावली. हे चित्र आपल्याला आपलंसं करतं, पण आपल्यासाठी दिवा धरत नाही. मला तरी त्याची ओढ वाटते ती या अंतरामुळे.

‘हे सगळं तुम्ही डोक्याने बघता, मनाने नाही,’ असं एखादा म्हणेल. मराठीत या वादाला मोठी परंपरा आहे. कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी मनाने बघण्याच्या नेमकं विरुद्ध टोक गाठलं. त्यांच्या मते कलाकृतीचं सौंदर्य तिच्या घटकांमधल्या लयसंबंधांत असतं: संवाद, विरोध आणि समतोल. चित्रातली बाई आईसारखी दिसते की बहिणीसारखी, याचा सौंदर्याशी संबंध नाही; रंग रंगाशी आणि रेषा रेषेशी काय बोलते ते पाहा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त दाखवून दिलं की कलाविचार लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये फिरत आला आहे. एक ध्रुव म्हणतो, कला जगण्याशी बांधलेली आहे. दुसरा म्हणतो, ती स्वायत्त आहे. कुठलाही एक धरून बसलं की कलेच्या अनुभवाचा मोठा तुकडा हातातून जातो.

या चित्रापुढे मर्ढेकरांचं म्हणणं मला अर्धं पटतं. अंधार आणि उजेड यांचा विरोध, पिवळ्या-तांबूस छटांचा आपापसातला संवाद, स्त्रीच्या आकृतीला मागच्या सावलीने दिलेला तोल, हे सगळं तिथे आहे आणि त्याविना चित्र उभं राहिलं नसतं. पण तो हात हात आहे, ती बोटं जिवंत माणसाची आहेत, हे वजा केलं तर लाल रंगाला केवळ ‘उष्ण छटा’ एवढाच अर्थ उरतो. उष्ण छटेने कोणाचा गळा दाटून येत नाही.

म्हणजे खासगी आठवणीची बाजू अगदीच टाकाऊ नाही, असं झालं. माझ्यापुरतं बोलायचं तर या चित्राशी जोडलेली आठवण आत्याची आहे. गावच्या घरी रात्री सगळे झोपले की आत्या कंदील घेऊन कड्या-कोयंडे बघत घरभर एक फेरी मारायची. त्या घरातल्या माजघरात हेच चित्र होतं, कॅलेंडरवरून कापून फ्रेम केलेलं. छपाईत लाल इतका चढलेला की बाईची बोटं निखाऱ्यासारखी दिसत. चित्रातली बाई आणि आत्या माझ्या मनात एकमेकींच्या जागी येतात. पण दोघींमध्ये एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आत्याच्या हातात कंदील असे. कंदिलाला काच असते. काचेने ज्योत राखली जाते आणि माणसाचा दुसरा हात मोकळा राहतो, कडी लावायला, दार ओढून घ्यायला. चित्रातल्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले आहेत. तिला दुसरं काही करता येणार नाही. या क्षणी दिवा सांभाळणं एवढंच तिचं काम आहे. आत्याला इतकी उसंत कधी मिळालीच नाही. आठवण आणि चित्र जिथे जुळत नाहीत, तिथे चित्र मला आत्याबद्दल काही नवं सांगतं. जुळतं तेवढंच बघत राहिलो असतो, तर चित्र माझ्या आठवणीचं वेष्टण होऊन बसलं असतं.

आठवणीचा हा पेच जुनाच आहे. संस्कृत रसविचारातल्या अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात प्रेक्षकाचं गुरफटून जाणं. नाटक समोर चाललंय आणि हा आपल्याच घरच्या विचारात. मात्र तोच अभिनवगुप्त असंही म्हणतो की मनात पूर्वीचे संस्कार, वासना नसतील तर रस अनुभवताच येत नाही. ज्याने कधी कोणाला जीव लावला नाही, त्याला शृंगार काय कळणार आणि करुण तरी काय कळणार? या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. आत शिरायला स्वतःचं आयुष्य लागतं आणि आत गेल्यावर ते थोडं बाजूला ठेवावं लागतं. साधारणीकरण म्हणतात ते याला. आपली आत्या हरवून जात नाही, पण ती फक्त आपली राहत नाही.

गंमत म्हणजे हे साधारणीकरण चित्रकाराने आधी स्वतः करून दाखवलेलं आहे. दिवा धरून उभी असलेली ती स्त्री हळदणकरांची मुलगी. घरातल्याच मुलीला समोर उभं करून त्यांनी हे चित्र केलं. गीता उपळेकर हे तिचं लग्नानंतरचं नाव. शंभरी ओलांडून 2018 मध्ये कोल्हापुरात त्यांचं निधन झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘चित्रातली दिवा घेतलेली स्त्री’ म्हणून त्यांची बातमी दिली. बापाने मुलीचं चित्र काढलं म्हटल्यावर त्याला ‘माझी गीता’ असं नाव देण्याचा मोह किती स्वाभाविक होता! हळदणकरांनी मुलीचं नाव चित्राला दिलं नाही, आशेच्या उजेडाचं दिलं. व्यक्तिचित्रणात मुरलेला हा चित्रकार. चेहरा ओळखू येईल असा काढणं हा त्याच्या डाव्या हाताचा मळ. तरी या चित्रात त्याने ओळख मागे ठेवली आणि कृती पुढे आणली. माया बापाची, पण चित्र सगळ्यांचं. आपल्या मुलीबाबत बापाला जे साधलं, ते आपल्या आठवणींबाबत आपल्याला थोडंफार साधायला हरकत नाही.

अंधार केलेल्या दालनाबद्दलही दोन शब्द. चमत्कार दाखवावा तसं हे चित्र दाखवलं की लोक ‘दिवा खरंच पेटला’ म्हणत बाहेर येतात. त्या थक्क होण्याला मी हसणार नाही. चित्राभोवतीचा उजेड कमी झाला की डोळा चित्रातल्या फरकांवर एकवटतो, एवढं साधं त्यामागे आहे. पण चमत्कारावर भागलं की प्रश्न संपतात. तो उजेड जादूच्या रंगाचा नाही, राखलेल्या कागदाचा आहे, हे कळलेला माणूस जास्त थक्क होतो. चमत्कार एकदा पाहिला की पुरे वाटतो. कौशल्य पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं.

याच्या दुसऱ्या बाजूला किमतीची जादू आहे. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र 2015 मध्ये मुंबईतल्या लिलावात 29 कोटींहून अधिक किमतीला गेलं आणि ज्यांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, ते एका रात्रीत आदराने बोलू लागले. किंमत, चमत्कार आणि आठवण या तिन्ही गोष्टी आपल्याला चित्रापर्यंत आणून सोडतात. चित्राच्या आत त्यांतली एकही नेत नाही.

यात उच्चभ्रूपणा आहे का? कलेचं शिक्षण नसलेल्याने मग काय करायचं? मला वाटतं, हा प्रश्न उलटा आहे. गाण्याच्या बाबतीत आपण हे सहज करतो. शास्त्रीय संगीत न शिकलेला मराठी माणूससुद्धा गायक कोण, पेटीवर कोण, राग कुठला हे विचारतो. आणि विचारलं म्हणून त्याचे डोळे पाणावायचे थांबत नाहीत. चित्राच्या बाबतीत मात्र आपण स्वतःला अडाणी ठरवून मोकळे होतो. मराठी मुलुखाने हळदणकर दिले, शिल्पकार म्हात्रे दिले, चित्रकार धुरंधर दिले, गायतोंडे दिले, आणि शाळेपासून आपल्याला चित्रकलेच्या तासाला फक्त वही भरायला शिकवलं गेलं, चित्र बघायला नाही. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, ही गोष्ट समजायला पदवी लागत नाही. एक मिनिट लागतं.

ज्यांच्या घरी दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे, त्यांना म्हणून एक विनंती. फ्रेम खाली काढा, मागच्या पुठ्ठ्यावर ‘सा. ल. हळदणकर, जलरंग’ एवढं लिहा आणि मुलांना दाखवून पुन्हा टांगा. दुसरं कुठलं चित्र आवडत असेल, तर ते कोणी केलं, कशाने केलं आणि कसं केलं, हे तीन प्रश्न त्यालाही विचारा. आठवण तुमचीच राहील. आवडीला मात्र पहिल्यांदा कारण मिळेल.